हिरडीवरची लाल रेघ

बालरोगतज्ज्ञ मुलाचे तोंड उघडतो ते घसा पाहण्यासाठी. पट्टीने जीभ दाबायची आणि विजेरीचा झोत थेट टॉन्सिलवर टाकायचा. हिरड्या वाटेतच राहून जातात. माझ्याही हातून तेच घडले आणि त्याची किंमत एका बालकाला मोजावी लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

२००९ साली एक आजी आपल्या सहा वर्षांच्या नातवाला घेऊन बडोद्यातील माझ्या दवाखान्यात आल्या. दात घासताना रक्त येते, एवढीच तक्रार. मी ओठ वर करून ओझरते पाहिले, 'दात नीट घासत नाही' असे ऐकवले आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन महिन्यांनी त्या परत आल्या. मधल्या काळात मुलाला न्यूमोनिया होऊन गेला होता. दुखावलेल्या स्वरात त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, याचे दात मी स्वतः घासते, दोन्ही वेळा." मी पुन्हा पाहिले. दात खरोखरच स्वच्छ होते; आणि हिरडीच्या कडेने, कुंकवाच्या काडीने रेखावी तशी, दोन-तीन मिलिमीटर रुंदीची सलग लाल पट्टी होती.

हाच 'लिनिअर जिंजायव्हल एरिथेमा'. पूर्वी याला 'एचआयव्ही जिंजिव्हायटिस' म्हणत. नेहमीच्या हिरडीदाहात लाली दातांवरील किटणाच्या प्रमाणात असते व सफाई होताच ओसरते. येथे कीटण नाममात्र, लाली मात्र ठळक, आणि केवळ सफाईने ती हटत नाही. व्रण नसतो, वेदनाही बहुधा नसते. त्यामुळेच ती नजरेतून सुटते. कॅन्डिडा या बुरशीशी तिचा संबंध जोडला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या बालकांसाठीच्या वर्गीकरणात ती एचआयव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात मोडते. दोन दातांमधील हिरडीचे टोक कुरतडल्यासारखे दिसू लागले, त्यावर करडा थर, दुर्गंधी व तीव्र वेदना असल्या, तर तो तिसरा टप्पा. कुपोषित, प्रतिकारशक्ती खचलेल्या बालकात त्याही पुढे गाल पोखरणारा नोमा उद्भवू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये संघटनेने त्याला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत स्थान दिले.

अर्थात लाल हिरडी दिसली की एचआयव्ही, असे समीकरण कोणी मांडू नये. बहुतेक मुलांत कारण साधे किटणाचेच असते. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांच्या वरच्या पुढील हिरड्याही लाल राहतात. हिरड्या सुजून फुगल्या असतील आणि मूल फिकट दिसत असेल, तर आधी रक्तगणना करावी. ल्युकेमियाची पहिली खूण कधीकधी तोंडातच उमटते.

या मुलाच्या कानांखालच्या लाळग्रंथी दोन्ही बाजूंनी सुजलेल्या होत्या, काखेत गाठी होत्या आणि वजन वर्षभर जागच्या जागी होते. वडील क्षयाने गेल्याचे मी तेव्हा प्रथमच विचारून घेतले! आईला विश्वासात घेऊन, समुपदेशन व संमतीनंतर चाचणी केली. मुलाची आणि पाठोपाठ आईची, दोन्ही सकारात्मक आल्या. (संमती व गोपनीयता यांना पुढे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक स्वरूप दिले, शिष्टाचार म्हणून त्या तेव्हाही पाळायच्याच होत्या.) बालकांसाठीची औषधे सरकारी केंद्रातून २००६ पासून मोफत मिळू लागली होती, ती सुरू झाली. दंतवैद्य मित्राने दात स्वच्छ केले, क्लोरहेक्सिडीनच्या चुळा व बुरशीनाशक औषध दिले. ज्या लहानग्यांना चूळ भरून थुंकता येत नाही, त्यांच्या हिरड्यांना क्लोरहेक्सिडीन बोळ्याने पुसून लावावे. पट्टी हळूहळू मावळली. पण माझ्या मते खरे काम केले ते विषाणूरोधक औषधांनी.

पुढच्या प्रत्येक भेटीत, मी विजेरी हाती घेण्याआधीच आजी नातवाचा ओठ वर करून मला हिरड्या दाखवीत असत.