चालू गोळ्या आणि आपली हाडं



"दिवसभर उन्हात असतो, आम्हाला ड जीवनसत्त्व कशाला कमी पडेल?" असं जेटीवर सगळेच म्हणतात. ऊन असतं खरं, पण काही औषधं आतून काम बिघडवतात.

फिट्सची फेनिटोइन आणि टीबीची रिफॅम्पिसिन यांमुळे यकृत ड जीवनसत्त्व भराभर मोडून टाकतं. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर कॅल्शियम कमी शोषलं जातं, नवं हाड कमी बनतं. मग होडीत साधं घसरलं तरी मनगट किंवा मणका मोडू शकतो. पण म्हणून या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, स्टिरॉइड तर एकदम मुळीच नाही. डॉक्टरांना हाडांबद्दल विचारा.

उलटही होतं. ६०,००० युनिटची पुडी बहुतेक वेळा आठवड्याला एक असते, रोजची नव्हे! त्यात प्रेशरसाठी हायड्रोक्लोरोथायझाइड चालू असेल तर लघवीतून कॅल्शियम कमी जातं आणि रक्तात वाढायचा धोका असतो. सारखी तहान, बद्धकोष्ठता, उलट्या, गोंधळल्यासारखं होणं दिसलं की लगेच दवाखाना गाठा.

थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं.

डॉक्टरकडे जाताना चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, गावठी औषधंसुद्धा.

– सचिव