वाचकांचे प्रश्न : जिप्सी वाहून नेण्यासाठी ट्रेलर घ्यावा काय?

प्रश्न : माझ्याकडे जुनी मारुती जिप्सी असून तिला मोठे टायर, विंच, पोलादी बंपर आणि आतून लोखंडी पिंजरा बसविला आहे. चिखलातील व डोंगरवाटांवरील स्पर्धांसाठी ती वर्षातून तीन वेळा गोव्यास न्यावी लागते. रस्त्याने चालवत नेल्यास पोलीस अडवितात आणि परतताना मोडली तर फार हाल होतात. आमच्या भागात उसाच्या ट्रॉल्या बनविणारा एक कारागीर १,४०,००० रुपयांत ट्रेलर करून देण्यास तयार आहे. ब्रेकसह तयार ट्रेलरचा भाव २,७५,००० सांगण्यात आला. फ्लॅटबेडवाला जाऊन-येऊन १६,००० घेतो. ओढण्यास घरची सात आसनी डिझेल गाडी आहे. तिचे रिकामे वजन १,७०० किलो. कोणता ट्रेलर घ्यावा? त्याला पासिंग लागते काय?
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : आपण आधी किंमत, मग ट्रेलर कोणता आणि सर्वांत शेवटी पासिंग लागते काय, अशा क्रमाने लिहिले आहे, मला मात्र नेमक्या उलट क्रमाने उत्तर देणे भाग आहे. कारण ट्रेलर ही वस्तू बाजारात पाहावयास गेल्यास लोखंडाचा सांगाडा आणि दोन-चार चाके एवढीच दिसत असली, तरी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या दृष्टीने ते एक स्वतंत्र वाहन आहे. त्या अधिनियमाच्या दुसऱ्या कलमातील 'मोटार वाहन' या संज्ञेच्या व्याख्येत ट्रेलरचा नावानिशी समावेश केलेला असून, कलम ६१ अन्वये नोंदणीचे संपूर्ण प्रकरण ट्रेलरला इतर कोणत्याही वाहनाप्रमाणेच लागू होते. सबब पासिंग लागते. आणि 'पुढच्या गाडीचे कागद आहेत ना, मग मागच्याला वेगळे कशाला' हा ऊसपट्ट्यात सर्रास ऐकू येणारा युक्तिवाद कायद्यापुढे क्षणभरही टिकत नाही. विनानोंदणी वाहन चालविल्याबद्दल कलम १९२ खाली पहिल्या गुन्ह्यास २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. ही रक्कम आपल्यासारख्या हौशी गृहस्थास किरकोळ वाटेल. खरी आपत्ती त्या दंडात नसून विम्यात आहे, व तिकडे मी पुढे वळणारच आहे.

नोंदणीसाठी विक्रेत्याचे विक्रीपत्र (नमुना २१) आणि रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र (नमुना २२) हे दोन दस्तऐवज मूळ पायाचे होत. आपला कारागीर हे देऊ शकतो काय, असे त्यास स्पष्ट विचारावे. त्याच्या वेल्डिंगविषयी मला तिळमात्र शंका नाही. दहा टन ऊस वाहणारी ट्रॉली ज्याने जन्मभर बांधली त्याच्या लोखंडास कोणी नाव ठेवू नये. परंतु ट्रॅक्टरच्या मागे, ट्रॅक्टरच्याच मंद गतीने, सपाट शिवारातून कारखान्याच्या फाटकापर्यंत जाणारी ट्रॉली निराळी, आणि मोटारीच्या मागे महामार्गाच्या वेगाने जाऊन घाट उतरणारा ट्रेलर निराळा. ट्रॉलीच्या परंपरेत ब्रेक हा ऐच्छिक अलंकार समजला जातो, मागचे दिवे पहिल्या हंगामातच गळून पडतात आणि पुढे रेडियमची एक पट्टी लावून सारे निभावले जाते. ती परंपरा आपण आपल्या मागे जोडून गोव्यास नेऊ नये.

लष्करी लिलावातील जुने जीप-ट्रेलर स्वस्तात मिळतात असेही आपणांस कोणी सुचवील. ते पाव टनी असतात. म्हणजे खडबडीत वाटेवर सुमारे सव्वादोनशे किलो सामान त्यांनी वाहावे अशी योजना होती. त्यावर जिप्सी चढविण्याचा विचारही करू नये.

आता वजनाकडे येऊ. कारण माझ्या मते ट्रेलरची निवड दुकानात होत नसून भुईकाट्यावर होते. कारखान्यातून निघालेली जिप्सी सुमारे हजार किलोंची असते; परंतु आपण वर्णिलेली विंच, बंपर, पिंजरा, मोठी चाके व गाडीत पडलेली अवजारे धरल्यास ती साडेबाराशेच्या आसपास गेली असावी असा माझा अंदाज आहे. अंदाजावर न विसंबता जवळच्या भुईकाट्यावर तिचे वजन करून पावती घ्यावी. तिला पेलणारा, ब्रेकसह असलेला ट्रेलर स्वतः साडेपाचशे किलोंचा धरला, तरी मागील एकूण भार १,८०० किलो होतो, आणि ओढणारी गाडी १,७०० किलोंची! मागचा भार पुढच्या गाडीच्या रिकाम्या वजनाहून अधिक नसावा, किंबहुना बराच कमी असावा, हा पथ्याचा नियम येथे सरळसरळ मोडतो. शिवाय गाडीच्या उत्पादकाने पुस्तिकेत ओढण्याची क्षमता किती लिहिली आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. तेथे आकडा नसेल किंवा ट्रेलर ओढण्यास मनाई असेल, तर ती गाडी ट्रेलरसाठी नाही असेच समजावे, मग शोरूममधील इसम तोंडी काहीही सांगो. कलम ११३ प्रमाणे नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या एकूण वजनाची मर्यादा वाहनाला आणि ट्रेलरला अशी दोहोंनाही स्वतंत्रपणे लागू आहे, व ती ओलांडल्यास कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० असा दंड होतो.

ब्रेकविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपला रस्ता आजरा-आंबोलीचा आहे. भारतीय वर्गवारीत ७५० किलोंपर्यंतचा ट्रेलर टी-१ आणि त्यापुढे ३,५०० किलोंपर्यंतचा टी-२ या वर्गात पडतो. ब्रिटनमध्ये तर ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत असा दंडक आहे. आपला ट्रेलर त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक भरतो. जुलैच्या धुक्यात आंबोलीचा ओला घाट उतरताना, भरलेली बैलगाडी उताराला बैलांच्या मानेवर यावी त्याप्रमाणे, हा १,८०० किलोंचा भार आपल्या गाडीच्या पाठीवर येईल. आपण ब्रेक दाबाल तसा तो अधिक जोराने रेटील, आणि वळणावर तो रेटा तिरका लागला की मागची चाके सरकून गाडी व ट्रेलर चाकूच्या पात्यासारखे मिटतील. यावर साधा आणि सिद्ध उपाय म्हणजे रेट्यानेच लागणारा ब्रेक होय : पुढची गाडी मंदावताच ट्रेलरचा दांडा जोडणीत आत दाबला जातो आणि त्या दाबाने ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक आपोआप आवळले जातात. त्याच्याच जोडीला एक बारीक पोलादी तार असावी, की जोडणी तुटून ट्रेलर सुटलाच तर ती ताणली जाऊन त्याचा हातब्रेक लागेल. जोडणीखाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधाव्यात, म्हणजे दांडा निसटल्यास तो त्या झोळीत पडेल, डांबरात रुतणार नाही. टो-बार चासीस बोल्टने कसलेला असावा. बंपरला जोडलेला आकडा केवळ देखावा होय.

या भारासाठी दोन आसांचा, चार चाकांचा ट्रेलरच योग्य. तो महाग पडतो आणि अरुंद अंगणात हाताने फिरविणे कठीण जाते. परंतु एक टायर फुटला तरी तो उलटत नाही. जिप्सी चढविल्यावर तिचे इंजिन आसांच्या किंचित पुढे येईल अशी उभी करावी, म्हणजे एकूण भाराचा दहावा हिस्सा जोडणीवर पडेल. मागे अधिक वजन पडले तर ट्रेलर डुलू लागतो व वेग वाढताच ते डुलणे हाताबाहेर जाते. पट्टे चार, आणि ते जिप्सीच्या सांगाड्यास न बांधता आसांस बांधावेत. सांगाडा स्प्रिंगवर हालतो आणि तासाभरात पट्टे सैल होतात.

परवान्याची चिंता नको. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहनही चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. आणि ट्रेलर जोडल्याने मूळचा परवाना निरुपयोगी होत नाही, हे तर त्याच न्यायालयाने ट्रॅक्टरच्या एका प्रकरणात २००१ सालीच म्हटले होते. गोव्याच्या हद्दीचीही अडचण नाही, कारण एका राज्यातील नोंदणी देशभर चालते. जिप्सी दोराने ओढत न्यावी काय, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगून ठेवतो : ती मुभा नादुरुस्त वाहनापुरती आहे.

आता त्या पोलिसांविषयी. ते आपणांस अडवितात यात त्यांचा दोष मला दिसत नाही. उत्पादकाने दिलेल्या रूपाशी विसंगत होईल असा फेरबदल वाहनात करण्यास कलम ५२ ने मनाई केली असून, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकपणेच लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक फेरबदलास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. पोलादी बंपरांविरुद्ध केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना वेगळे पत्रच लिहिले होते. सबब ती जिप्सी स्वतःच्या चाकांवर महामार्गावर न आणता दुसऱ्या वाहनावर लादून नेण्याचा आपला मूळ विचार योग्यच आहे.

विम्याकडे वळतो. अशा प्रवासात तीन वाहने असतात, आणि तिघांचाही विमा निरनिराळा तपासावा लागतो. आपल्या घरच्या गाडीच्या विमापत्रात ट्रेलरचा उल्लेख पृष्ठांकनाने करून घ्यावा. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात खाजगी गाडीच्या ट्रेलरसाठी ३० क्रमांकाचे पृष्ठांकन होते आणि त्याला लागूनच ३१ क्रमांकाचे रॅली व तत्सम चाचण्यांसाठी, म्हणजे दरपत्रक रचणाऱ्याने आपल्यासारख्याच एखाद्या गृहस्थास समोर धरले होते की काय असे वाटावे. हे दुसरे पृष्ठांकन दुर्लक्षू नये, कारण साध्या विमापत्रातील 'वापराच्या मर्यादा' या मजकुरात संघटित शर्यत आणि वेगचाचणी स्पष्ट वगळलेल्या असतात, आणि २०१४ साली गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत झालेले नुकसान कंपनी आपखुशीने भरून देईल अशी आशा धरणे भोळेपणाचे ठरेल. जिप्सीचा विमा सर्वंकष असेल, तर रस्त्याने वाहून नेताना झालेली हानी त्यात अंतर्भूत असते. परंतु जुन्या गाड्यांचा विमा बहुधा केवळ त्रयस्थापुरता काढलेला असतो, आणि मग ट्रेलरवरून घसरलेल्या जिप्सीचा एक पैसाही मिळत नाही. सर्वांत घोर प्रसंग त्रयस्थाचा. विनाविमा, विनानोंदणी ट्रेलर सुटून कोणाच्या अंगावर गेला, तर नुकसानभरपाईचा दावा आपल्या घरादारावर येतो. आणि पुढच्या गाडीच्या विमा कंपनीस न्यायाधिकरणाने भरपाई देण्यास लावले, तरी ती रक्कम पुढे आपल्याकडून वसूल करण्याची मुभा तिला बहुधा मिळते.

मित्राची जीपही एखाद्या खेपेस भाड्याने न्यावी, असा मोह होईल. तो आवरावा. मोबदला घेतला की खाजगी वापर संपतो आणि विमा कंपनीस इनकार करण्यास आयते कारण मिळते.

राहिला पैशाचा हिशेब. तयार ट्रेलरचे २,७५,००० रुपये सात टक्क्यांनी ठेवीत राहिले असते तर वर्षास १९,२५० व्याज आले असते. दहा वर्षांत ट्रेलरची किंमत निम्मी होईल असे धरल्यास वार्षिक घसारा १३,७५०. विमा, कर, टायर व किरकोळ दुरुस्ती यांस १५,००० धरा. बेरीज ४८,०००, आणि फ्लॅटबेडच्या तीन खेपा, तंतोतंत तेवढ्याच. ट्रेलर ओढताना जास्त जळणारे डिझेल, वर्षभर तो उभा करण्याची जागा आणि घाटातील आपल्या जिवाचा घोर यांची किंमत मी यात धरलेलीच नाही. कारागिराच्या ट्रेलरचा हिशेब मी मुद्दाम केला नाही. ज्याची नोंदणी होणार नाही त्याला भाव नसतो.

म्हणून माझा निर्णय असा की, तीन खेपांसाठी, आणि तेही या ओढणाऱ्या गाडीनिशी, ट्रेलर घेऊ नये. फ्लॅटबेड करावा आणि त्याच्या मालकाकडून नोंदणी व विमा यांच्या प्रती आधी मागून घ्याव्यात. खेपा पाच-सहावर गेल्या आणि चासीवर बांधलेली, पुस्तिकेत दोन टनांहून अधिक ओढण्याची क्षमता लिहिलेली गाडी घरात आली, तर दोन आसांचा, रेट्याच्या ब्रेकचा ट्रेलर अवश्य घ्यावा. जुना घेत असाल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि आपण तीस दिवसांत हस्तांतर कळविण्याची मुदत चुकवू नये. मात्र तोपर्यंत, भुईकाट्याची पावती आणि विमा कंपनीचे लेखी उत्तर हाती आल्यावाचून कोणासही इसार देऊ नये.