अर्धशिशी : दुखणं डोक्यात, मग मान कशाला मोडून घ्यायची?



मागच्या महिन्यात महिला मंडळाची बैठक संपली तरी एक ताई विहारातच थांबल्या. त्या काजूच्या कारखान्यात कामाला जातात. महिन्यातून तीन-चार वेळा अर्धं डोकं ठणकतं, उलटी होते, उजेड सोसत नाही. तो दिवस खाड्याचा. घरचे म्हणतात, हिला कामाच्या दिवशीच बरं दुखतं. कुणीतरी त्यांना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता. एक जण रुग्णाची मान धरून झटक्यात फिरवतो, कडकन आवाज येतो आणि रुग्ण हसत उठतो. याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. दहा बैठका घ्यायच्या, पैसे आगाऊ भरले तर सवलत. बचत गटातून कर्ज काढू का, हे विचारायला ताई थांबल्या होत्या.

मी नको म्हटलं. का, ते उभ्या उभ्या सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

अर्धशिशी म्हणजे मायग्रेन. हा मेंदूचा आणि चेहऱ्या-डोक्याच्या मज्जातंतूंचा आजार आहे. जगात साधारण सातातल्या एका माणसाला तो असतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन ते तीन पट जास्त. पाळीच्या आसपास शरीरातलं इस्ट्रोजेन उतरतं, तेव्हा अनेकींचं डोकं उठतं. दुखणं बहुधा एका बाजूला, नाडीसारखं ठणकणारं असतं. औषध न घेतल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतं. हालचालीने वाढतं, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. साधारण पाच मिनिटं ते तासभर ते चालतं. कुणी याला बाहेरचं म्हणतं, कुणी नाटक म्हणतं. मला स्वतःला नर्सिंगच्या शिक्षणापासून अर्धशिशी आहे. रात्रपाळीनंतर डोकं धरून बसले की मलाही नाटकच म्हणायचे, आणि म्हणणाऱ्या शिकलेल्या होत्या.

आता मानेचं. अर्धशिशीच्या पुष्कळ रुग्णांची मान दुखते, कित्येकदा डोकं दुखायच्या आधीच आखडते. मग वाटतं, शीर मानेतच अडकली आहे. खरी गोष्ट अशी, की मानेच्या वरच्या मणक्यांतून येणारे मज्जातंतू आणि चेहऱ्या-डोक्याचा मज्जातंतू मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे एकीकडचं दुखणं दुसरीकडे जाणवतं. मान आखडणं हा बहुतेक वेळा अर्धशिशीच्या झटक्याचाच भाग असतो. म्हणून मान चोळली, शेकली की बरं वाटतं. तसं जरूर करा. पण त्यावरून मणका सरकलाय आणि तो बसवला की आजार जाईल, हे सिद्ध होत नाही.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ साली अमेरिकेत झाली. डी. डी. पामर हे तोवर चुंबकीय उपचार करत. त्यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या एका कृष्णवर्णीय सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचं ऐकू येणं परतलं, असा त्यांचा दावा होता. त्यावरून बहुतेक आजार मणक्यातून होतात, असं शास्त्र त्यांनी उभं केलं. पुढे या उपचाराची तपासणी झाली. नॉर्वेमध्ये अर्धशिशीच्या १०४ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला खरी कायरोप्रॅक्टिक, दुसऱ्याला तशीच वाटणारी पण मणक्याला हात न लावणारी खोटी, आणि तिसऱ्याची नेहमीची औषधं चालू. २०१७ साली निकाल छापून आला. दुखण्याचे दिवस सगळ्यांचे कमी झाले, पण खऱ्या आणि खोट्या उपचारात फरक सापडला नाही. म्हणजे बरं वाटतं हे खोटं नाही, पण ते मान मोडल्यामुळे वाटतं असं दिसत नाही.

आणि धोका आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मणक्यांना लागून, काही ठिकाणी मणक्यांच्या भोकांतून जातात. झटक्यात मान फिरवल्यावर त्यांचा आतला पदर फाटून लकवा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत. हे क्वचित होतं, पण झालं तर घर बसतं. सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून घ्यायची सवय आपल्या पुरुषांना आहे. बंधूंनो, हे तुमच्यासाठीही आहे. डोक्याला तेलमालीश खुशाल करून घ्या, मान मोडू देऊ नका. डोक्यावर पाटी वाहून मान खरंच दुखत असेल, तर फिजिओथेरपिस्ट हळूहळू करायचे व्यायाम शिकवतात, ते शिका.

आगाऊ पैशांवरून जीवक आठवला. विनयपिटकातल्या महावग्गात ही कथा आहे. तक्षशिलेहून परतताना साकेतला त्याला पहिला रुग्ण मिळाला, एका श्रेष्ठीची पत्नी. तिचं डोकं सात वर्षं दुखत होतं. मोठमोठे वैद्य आले, सोनं घेऊन गेले, गुण आला नाही. म्हणून तिने या तरुण वैद्यालाही दारातूनच नको म्हटलं. जीवक म्हणाला, आधी काहीच देऊ नका, बऱ्या झालात तर वाटेल ते द्या. त्याने नाकातून औषधी तूप दिलं आणि ती बरी झाली, असं ग्रंथ सांगतो. (तुम्ही घरी नाकात तूप घालू नका. मी कथा सांगितली ती फीसाठी.)

मग करायचं काय? डोकं उठायला लागताच, पहिल्या तासाभरात, थोडं खाऊन पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घ्यायची आणि अंधाऱ्या खोलीत पडायचं. खूप वाढल्यावर घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही, कारण अर्धशिशीत जठराचं काम मंदावतं. गरोदरपण, दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पण दुकानातून रोज गोळी आणून खाऊ नका. साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, दोन-तीन औषधं मिसळलेल्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. आपल्या वस्तीत हे मी फार बघते.

महिन्यात चार किंवा जास्त दिवस जात असतील तर झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधं असतात. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन ही त्यांतली जुनी आणि स्वस्त. ती डॉक्टरांनीच ठरवायची, दमा असलेल्यांना प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. गुण यायला दीड-दोन महिने लागतात, आठवड्यात सोडू नका. आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. कर्ज काढण्याआधी तिथे जा.

उपाशी राहणं, कमी झोप, ऊन, कडक वास आणि मोठा आवाज यांनी झटका येतो. पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्यांनी बारापूर्वी पोटभर जेवावं आणि दिवसभर पाणी प्यावं. १४ एप्रिलला आपल्याकडे किती उकडतं ते सांगायला नको. मिरवणुकीत या, पण डोक्यावर पदर घ्या, पाण्याची बाटली ठेवा आणि डीजेच्या भिंतीपासून लांब चाला.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. डोळ्यांपुढे रेषा चमकून मग डोकं दुखणाऱ्या बाईने माला-एन, माला-डी यांसारख्या गोळ्या घेऊ नयेत, लकव्याचा धोका वाढतो. आशाताईंना किंवा नर्सताईंना सांगा, तांबीसारखे दुसरे उपाय आहेत.

डोकं विजेसारखं एकदम, आयुष्यात कधी नव्हे इतकं दुखलं, तापाबरोबर मान ताठ झाली, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, किंवा गरोदर बाईचं डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा. पावसाळ्यात तापाबरोबर डोकं दुखलं तर लेप्टोचीही तपासणी हवी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखू लागलं तर अर्धशिशी समजून बसू नका.

त्या ताईंना मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सांगितलं आहे. दुखलं त्या तारखेला फुली, गोळी घेतली तर गोल, पाळीच्या दिवसांखाली रेघ, आणि सकाळी खाऊन निघालात की नाही तेही. तीन महिन्यांची ती पानं आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन दवाखान्यात जायचं. अर्धं निदान तिथेच होतं.