पाण्याची विद्या कोठे व कशी शिकावी?
(वाशीम जिल्ह्यातील विद्यार्थी व पालक यांच्यासाठी)

वाशीम तालुक्यातील काटा गावाच्या परिसरात काटेपूर्णा नदी उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्णेच्या द्वारे तापीस मिळते. याच जिल्ह्यातून जाणारी पैनगंगा मात्र आपले पाणी वर्धा नदीच्या वाटेने गोदावरीस नेऊन देते. म्हणजे एकाच पावसाचे काही पाणी अरबी समुद्राकडे व काही बंगालच्या उपसागराकडे जाते. आपला जिल्हा असा जलविभाजकावर वसलेला आहे. दुरून भरपूर पाणी आणून देणारी मोठी नदी येथे नाही. पैनगंगाही बुलढाण्याच्या डोंगरातून नुकतीच निघालेली असते. तेव्हा शिवारात पडेल तेवढेच पाणी आपले, आणि ते अडविण्याची विद्या ज्यास येते त्याची या भागास मोठी गरज आहे.

पाण्याचा अभ्यास करावयाचा तर कोणती पदवी घ्यावी, असा प्रश्न अनेक पालक विचारतात. येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केलेली बरी. ‘जलसंपदा’ या नावाची स्वतंत्र पदवी बारावीनंतर लगेच मिळेल, अशा समजुतीने शोध घेतल्यास सहसा निराशा होते. आधी मूळ विषयाची पदवी घ्यावयाची व नंतर पदव्युत्तर शिक्षणात पाण्याकडे वळावयाचे, हाच रूढ क्रम होय. म्हणून पदवीचे नाव पाहण्यापूर्वी मुलास पाण्याचा कोणता प्रश्न सोडवावयाचा आहे हे पाहावे.

समजा, प्रश्न विहिरीचा आहे. एका धुऱ्यावर विहिरीस चैत्रातही पाणी, आणि दोनशे हात अंतरावरील विहीर पौषातच कोरडी, हे दृश्य आपल्याकडे नवीन नाही. आपल्या जमिनीखाली काळा बेसाल्ट खडक आहे. तो स्वतः पाणी धरीत नाही. पाणी राहते ते त्याच्या झिजलेल्या थरात, म्हणजे मुरुमात, आणि भेगा व सांध्यांत. हे थर कोठे जाड व कोठे पातळ आहेत हे ओळखणे भूशास्त्राचे काम. हातावर नारळ धरून जागा दाखविणाऱ्या पाणाड्याचा मान गावात अजून आहे. परंतु त्याची चुकलेली बोअर कोणी मोजीत नाही आणि तिचे पैसे शेतकऱ्यासच भरावे लागतात. ज्यास ही विद्या हवी त्याने विज्ञान शाखेतून बारावी होऊन भूशास्त्र विषयासह बी. एस्सी. व पुढे एम. एस्सी. करावे. आपला जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. भूशास्त्र हा विषय प्रत्येक महाविद्यालयात नसतो, हे प्रवेशापूर्वीच पाहावे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ सालापासून हेच काम करीत आहे.

प्रश्न शेतातील पाण्याचा असेल तर वाट निराळी. एक हेक्टरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी होते. आता तासास पन्नास मिलिमीटर या वेगाने सर आली आणि त्यातील चार दशांश पाणी वाहून जाऊ लागले, तर त्या एका हेक्टरातून दर सेकंदास सुमारे ५५ लिटर पाणी बाहेर पडेल. एवढे पाणी सुरक्षित जाईल अशी सांड किती रुंद ठेवावी, समपातळी बांध किती अंतरावर घालावेत, सोयाबीनमध्ये रुंद वरंबा-सरी कोणत्या ढाळाने काढावी, शेततळे किती भरेल, ठिबकच्या नळीत दाब किती राहील, ही सारी गणिते कृषी अभियांत्रिकीची होत. आमच्या मते आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरास सर्वांत जवळची पदवी हीच, आणि तिची माहितीच सर्वांत कमी जणांस असते. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले. तेथे कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय असून बी. टेक. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. पुढे मृद व जलसंधारण अभियांत्रिकी किंवा सिंचन व निचरा अभियांत्रिकी यांत एम. टेक. करता येते. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठातही अशी सोय आहे.

धरणे, कालवे व नळपाणी योजना यांकडे ओढा असेल तर स्थापत्य अभियांत्रिकी घ्यावी. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासूनचे आहे. पदवीनंतर ‘गेट’ ही परीक्षा देऊन नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था किंवा रुडकी येथे जाता येते. रुडकीचे विद्यालय १८४७ साली गंगा कालव्याच्या कामासाठी माणसे तयार करण्याच्या गरजेतून उभे राहिले. तेथे जलविज्ञान व जलसंपदा विकास यांचे स्वतंत्र विभाग आहेत. स्वतः विश्वेश्वरय्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले होते. १९९३ साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळविणारे डॉ. माधवराव चितळे हेही स्थापत्य अभियंतेच.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. अकरावीस प्रवेश घेताना अवघड वाटते म्हणून पुष्कळ मुले गणित सोडून केवळ जीवशास्त्र घेतात. त्या एका दिवशी कृषी अभियांत्रिकी व स्थापत्य हे दोन्ही दरवाजे बंद होतात आणि हे घरच्यांस कळते ते दोन वर्षांनी. अशा मुलास बी. एस्सी. (कृषी) ही वाट उरते; तीही वाईट नव्हे, कारण तीत मृदाशास्त्र व जलसंधारण शिकवितात. परंतु ती समजून निवडलेली असावी, नाइलाजाने पत्करलेली नसावी. ज्यांस दहावीनंतरच व्यवसायाकडे वळावयाचे आहे त्यांनी स्थापत्याची तीन वर्षांची पदविका घ्यावी. वाशीम येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळू शकतो.

नोकरीच्या आशेने शिकणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. जलसंधारणाच्या पदासाठी कोणती पदवी ग्राह्य धरली आहे, हे त्या पदाच्या जाहिरातीतच ठरते. कामाचे नाव तेच असले तरी एका पदास केवळ स्थापत्याची अर्हता लागते, तर दुसऱ्यास कृषी अभियांत्रिकीही चालते. मागील दोन-तीन जाहिराती मिळवून वाचाव्यात. शेजाऱ्याच्या सांगण्यावर चार वर्षे घालू नयेत.

खर्चाविषयी थोडे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. ज्या घरी मुलीस गणित चांगले येते त्यांनी याचा अवश्य विचार करावा. मात्र वसतिगृह व भोजन यांचा खर्च राहतोच, तो आधी धरावा.

बी. टेक. च्या प्रवेशासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न पाहता आधीच भरावयाचा असतो. उत्पन्न, जात, जात-पडताळणी व अधिवास यांचे दाखले पेरणीच्या घाईत तहसिलीत हेलपाटे घालून मिळविण्यापेक्षा हरभरा निघाल्यावर, उन्हाळ्याच्या आरंभीच मागून ठेवावेत.