चित्रात कुत्र्याला जागा देणारा चित्रकार



या वेळी आमच्या वर्गाला 'मला आवडलेला चित्रकार' हा विषय मिळाला. आपल्या भागात चित्रकार म्हटलं की पहिलं नाव येतं ते जिव्या सोमा मशे यांचं. त्यांच्यावर दुसऱ्या गटाने लिहिले आहे. मी मारिओ मिरांडा हे नाव निवडले. गुरुजींनी त्यांची चित्रे शाळेच्या टीव्हीवर दाखवली, तेव्हा सगळ्यांना माणसांची गंमत वाटली. मला मात्र त्या चित्रांतले कुत्रे आवडले. म्हणून हा लेख.

मारिओ कोण होते?

मारिओ मिरांडा यांचा जन्म २ मे १९२६ रोजी दमणला झाला. दमण म्हणजे आपल्या पालघर जिल्ह्याच्या उत्तरेला, तलासरीच्या पलीकडे समुद्रकाठी आहे. त्या वेळी तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते. त्यांचे मूळ घर गोव्यात, सासष्टी तालुक्यातल्या लोटली गावी.

लहानपणी मारिओ घराच्या भिंतींवर चित्रे काढायचे. भिंती खराब होऊ लागल्या तेव्हा आईने त्यांना एक कोरी वही आणून दिली. त्या वहीत ते रोज दिसेल ते काढू लागले. आपण रोजनिशी लिहितो, ते रोजनिशी काढायचे! मोठे झाल्यावरही ती सवय राहिली. त्यांच्या १९४९, १९५० आणि १९५१ सालच्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने छापल्या गेल्या.

त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ते इतिहास शिकले. पुढे वर्तमानपत्रांत व्यंगचित्रकार म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांनी मुलांच्या पुस्तकांसाठीही चित्रे काढली. महाराष्ट्राच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांत एके काळी त्यांची चित्रे होती. पालकांपैकी कुणी तेव्हा शाळेत असेल तर आठवून पाहावे. मुंबईत कुलाब्याला कॅफे माँडेगार नावाचे हॉटेल आहे, त्याच्या भिंतींवरही मारिओंची चित्रे आहेत. म्हणजे लहानपणी भिंतीवर काढली म्हणून वही मिळाली आणि मोठेपणी लोकांनीच भिंत दिली.

त्यांना १९८८ साली पद्मश्री आणि २००२ साली पद्मभूषण मिळाले. ११ डिसेंबर २०११ रोजी लोटली येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर २०१२ साली पद्मविभूषण जाहीर झाले.

त्यांच्या चित्रांतले कुत्रे

मारिओंच्या चित्रात गर्दी फार. बाजार भरलेला असतो, मासे विकणाऱ्या बाया असतात, कुणी भांडतोय, कुणी गातोय, कुणी खिडकीतून बघतोय. आणि या गर्दीत बहुतेक वेळा कुठे तरी एक कुत्रा सापडतो. कधी तो पायांमधून वाट काढतो, कधी मधोमध ताणून झोपतो. पुष्कळदा तर माणसांची धांदल बघून त्यालाच हसू आल्यासारखे वाटते. हे कुत्रे ऐटबाज नसतात. आपल्या पाड्यात असतात तसेच, साधे.

त्यांच्या लोटलीच्या घरीही कुत्रे असत. उमा आनंद यांनी मुलांसाठी इंग्रजीत एक पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ पिल्ला द पप', म्हणजे एका पिल्लाच्या करामती. त्याची चित्रे मारिओंनी काढली.

मला यातून एक गोष्ट समजली. चित्रकाराला कुत्रा आवडतो म्हणजे तो त्याला नुसता कुरवाळतो असे नाही. तो त्याला चित्रात जागा देतो. गावात कुत्रा आहे, मग गावाच्या चित्रातही तो पाहिजे, हा त्यांचा हिशोब.

असेच प्रेम दूर इंग्लंडातही सापडते. बिआट्रिक्स पॉटर या बाईंनी मुलांसाठी प्राण्यांच्या गोष्टी लिहिल्या आणि चित्रेही स्वतःच काढली. त्यांच्याकडे मेंढ्या होत्या आणि मेंढ्या राखायला केप नावाचा कुत्रा होता. १९०८ साली आलेल्या त्यांच्या एका पुस्तकात एक भोळी बदकीण कोल्ह्याच्या जाळ्यात सापडते. तिला वाचवायला धावतो तो हाच केप. घरचा राखणदार त्यांनी पुस्तकात जसाच्या तसा आणून बसवला.

आपल्याकडे पाहू

आपल्या वारली चित्रांतही कुत्रा आहे. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने जे शिकारीचे चित्र काढतात, त्यात माणसाबरोबर कुत्रा धावताना दिसतो. मारिओ रेघांनी काढायचे, आपली माणसे त्रिकोणांनी काढतात. पण दोन्हीकडे कुत्रा ओळखू येतो, कारण काढणाऱ्याने तो नीट पाहिलेला असतो.

मग मी आमच्या वर्गात लावलेली 'माझे घर' ही चित्रे मोजली. चोवीस चित्रे होती. घर, डोंगर, सूर्य, झाड सगळ्यांत आहे. कोंबडी नऊ चित्रांत आहे. कुत्रा फक्त दोन चित्रांत! आणि खरं पाहिलं तर आमच्या पाड्यात कुत्रा नाही असे घर शोधावे लागेल.

तो काय काय करतो बघा. रात्री बिबट्या जवळ आला तर माणसाच्या आधी त्याला कळते. शेळ्या-कोंबड्यांची राखण तो करतो. शेतावर जाताना पुढे तोच. त्याला मिळते काय, तर नागलीच्या भाकरीचा तुकडा आणि थंडीत चुलीच्या राखेची ऊब.

दिवाळी झाली की आपल्या जव्हार-मोखाड्यातली कितीतरी घरे वीटभट्टीवर, बांधकामावर कामाला जातात. भिवंडी, वसई, कुठे काम मिळेल तिथे. घराला कडी लागते. कुत्रा मागेच राहतो. आमची आजी पाड्यातच राहते. ती सांगते, "माणसं गेली तरी कुत्रं ओटी सोडत नाही." गेल्या वर्षी शेजारचा काळ्या बंद दारासमोर बसून असायचा. आजी रोज त्याला आंबील घालायची. माणसे परत आली तेव्हा सगळ्यात आधी तो टेकडीखाली धावला. मी त्याचे चित्र काढले आहे. ते या लेखाच्या खाली लावले आहे.

कुत्रा काढायला कसा शिकावा?

मी मारिओंसारखे करून पाहिले. वही घेतली, लांब बसलो आणि रोज थोडा वेळ काळ्याकडे पाहिले. जे कळले ते असे:

१. शेपूट आधी पाहावी. खुशीत असला की ती सैल हलते. भ्यायला की पायांत जाते. ताठ, वर आणि स्थिर असेल तर तो सावध आहे, जवळ जाऊ नये.

२. कान पाहावेत. काही ऐकत असला की पुढे उभे राहतात. भीती वाटली की मागे चिकटतात.

३. उन्हाळ्यात जीभ बाहेर काढावी, म्हणजे चित्रात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो अंग थंड करतो.

४. झोपलेला काढायचा तर थंडीत गोल वेटोळे आणि उन्हाळ्यात लांब पसरलेला काढावा.

५. पावलाचा ठसा काढताना चार बोटे आणि पुढे नखांच्या खुणा दाखवाव्यात. बिबट्याच्या ठशात नखे सहसा उमटत नाहीत, कारण चालताना तो नखे आत ओढून घेतो. पायवाटेवर ठसा दिसला तर एवढे माहीत असलेले बरे.

एवढे पाहिल्यावर एक फरक पडतो. ज्या कुत्र्याकडे आपण आठ दिवस टक लावून पाहिले त्याला दगड मारायला हात उचलत नाही.

पालकांसाठी महत्त्वाचे

प्रेम असले तरी सावधपणा हवा. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले घेऊन बसलेल्या कुत्र्याजवळ मुलांनी जाऊ नये. कुत्रा चावला किंवा त्याचे दात नुसते ओरखडले तरी जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, तेल, पाला काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. डॉक्टर सांगतील तितक्या सुया सगळ्या घ्याव्यात, मध्येच सोडू नयेत. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने देत, म्हणून जुनी माणसे घाबरतात. आता तसे नाही, लस दंडात देतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो रोग टळतो. भगताकडे जाण्यात एक दिवससुद्धा घालवू नये. कुत्र्यालाही रेबीजची लस देता येते. त्यासाठी जनावरांच्या दवाखान्यात विचारावे.

आणि पालकांनो, कामाला बाहेर जाताना कुणा शेजाऱ्याला एवढे सांगून जा, "आमच्या कुत्र्याला तुकडा घाल." चित्रात त्याला जागा आम्ही मुले देऊ. ओटीवरची जागा तुम्ही ठेवा.

स्वाध्याय

१. मारिओंना आईने कोरी वही का दिली?

२. कुत्र्याच्या आणि बिबट्याच्या ठशात काय फरक असतो? दोन्ही काढून दाखवा.

३. आपल्या पाड्यातला एक कुत्रा तीन दिवस लांबून पाहा. त्याची एक चित्र-रोजनिशी करा. रोज एकच चित्र, खाली एकच ओळ.

४. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा : आपल्या कुत्र्याने कधी राखण केली होती का? ती गोष्ट वर्गात सांगा.

तिसऱ्या प्रश्नाची चित्रे पुढच्या भित्तिपत्रकात लावणार आहोत. खालचा अर्धा फळा त्यासाठी रिकामा ठेवला आहे.