कुटुंबासाठी मोठी एसयूव्ही, नवी घ्यायची की जुनी? गाळा चालवणाऱ्याचा हिशेब

धंद्याला दोन-तीन वर्षं झाली, ऑर्डरी नियमित यायला लागल्या की घरात एक विषय हमखास निघतो: आता मोठी गाडी घेऊया. आई-बाबा, दोन मुलं, गणपतीला गावी जायचं, एका गाडीत मावत नाही. मागणी खरी आहे. त्यात चूक काही नाही. पण शोरूममध्ये पाय ठेवल्यावर हा घरचा विषय हळूच धंद्याचा होतो. "सर, धंद्याच्या नावावर घ्या, जीएसटी परत मिळेल, टॅक्स वाचेल," असं कोणीतरी म्हणतं आणि पंधरा लाखांचं बजेट बावीसवर जातं.

म्हणून आजच्या धड्यात आधी गाडी नाही, खिसा ठरवायचा. ही गाडी घराची आहे की धंद्याची? एकदा हे नीट ठरलं की नवी की जुनी हा प्रश्न अर्धा सुटतो.

"जीएसटी परत मिळतो" हे आधी डोक्यातून काढा

समजा सातिवलीत तुमचा पॅकिंगचा भाड्याचा गाळा आहे आणि जीएसटी नंबर आहे. मशीन घेतलं तर त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं. गाडीचं तसं नाही. चालक धरून १३ माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीवरचं क्रेडिट कायद्यानेच अडवलेलं आहे. गाड्यांची खरेदी-विक्री, प्रवासी वाहतूक किंवा ड्रायव्हिंग स्कूल हाच तुमचा धंदा असेल तरच ते मिळतं. पॅकिंगवाल्याला नाही, मोल्डिंगवाल्याला नाही. त्या गाडीच्या विम्यावर आणि दुरुस्तीवरही नाही.

मग टॅक्स वाचतो तो कुठला? घसारा. धंद्यात वापरलेल्या मोटारीवर वर्षाला १५ टक्के घसारा खर्च म्हणून दाखवता येतो, आणि त्या वर्षी गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर त्याच्या निम्मा. २२ लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी ३ लाख ३० हजार. ऐकायला भारी वाटतं. पण हा खर्च आहे, परतावा नाही. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर हातात वाचतात साधारण ९९ हजार. घरच्या वापराचा भाग त्यातून वजा करावा लागतो, तो वेगळाच. आणि तुम्ही अनुमानित नफ्याची योजना घेतली असेल, जिला सगळे ४४एडी म्हणून ओळखतात, तर घसारा त्या टक्केवारीत आधीच धरलेला असतो. वेगळा काहीच मिळत नाही. आपल्या वाचकांतले बरेच जण याच योजनेत आहेत. सीएला फोन करून एवढं एकच विचारा: "मी कशात आहे?"

नावाचाही घोळ आहे. प्रोप्रायटर असाल तर गाडी तुमच्याच नावावर लागते आणि महाराष्ट्रात रोड टॅक्स किमतीप्रमाणे पेट्रोलला ११ ते १३, डिझेलला १३ ते १५ टक्के. प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घेतलीत तर सरळ २० टक्के. १८ लाख शोरूम किमतीच्या डिझेल गाडीला १४ ऐवजी २० टक्के म्हणजे १ लाख ८ हजार जास्त.

एक गोष्ट मात्र खरंच परत मिळते. दहा लाखांवरच्या गाडीच्या बिलात शोरूमवाला १ टक्का टीसीएस घेतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्नमध्ये मागून घ्या. आश्चर्य म्हणजे बरेच लोक हाच विसरतात.

अजून एक, हे गाळेवाल्यांसाठी खास. "मागच्या सीटा पाडल्या की माल पण जातो." जातो, पण खाजगी गाडीच्या विम्यात नमुने आणि स्वतःचं सामान सोडून माल वाहायला परवानगी नसते. गाडीत चाळीस खोके, हायवेवर पेल्हारजवळ अपघात, आणि सर्व्हेअरने फोटो काढले की क्लेम अडकतो. मालाला टेम्पो सांगा. शे-दोनशे वाचवायला वीस लाखांचा विमा पणाला लावू नका.

थोडक्यात, ही गाडी घराची आहे. घरच्या पैशातून घ्यायची.

मग घरचे पैसे किती?

वही घ्या. गाळ्याचं भाडं, कारागिरांचे पगार, महावितरणचं बिल, कच्चा माल, चालू हप्ते. या सगळ्यांचा तीन महिन्यांचा खर्च बेरीज करा. डाऊन पेमेंट दिल्यानंतरही एवढी रक्कम खात्यात उरली पाहिजे. सीसी खात्याची मर्यादा यात धरायची नाही. ते बँकेचे पैसे आहेत. सातिवली, वालीव, गोखिवरे पट्ट्यात बहुतेकांचं पेमेंट साठ-नव्वद दिवसांनी येतं. एका मोठ्या पार्टीने महिना लांबवलं की कच्चा माल थांबतो, आणि तेव्हा दारातली गाडी विकून दाणा घेता येत नाही.

दुसरी परीक्षा सोपी आहे. जो हप्ता बसणार आहे तेवढी रक्कम पुढचे सहा महिने दर पाच तारखेला वेगळ्या खात्यात टाका. दोनदा चुकली तर हप्ता झेपत नाही. आणि चुकली नाही तर तुमच्याकडे सहा हप्त्यांचं जादा डाऊन पेमेंट तयार.

आता आकडे बघू. उदाहरण आहे, दर तुमच्या बँकेचे टाका. नवी गाडी ऑन-रोड २२ लाख, २० टक्के भरले, कर्ज १७ लाख ६० हजार, साडेनऊ टक्के. पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे ३७ हजार, व्याज साधारण ४ लाख ६० हजार. सात वर्षांसाठी हप्ता २८,८०० च्या आसपास दिसतो, पण व्याज साडेसहा लाखांवर जातं. सेल्समन तुम्हाला सात वर्षांचाच हप्ता सांगतो.

याच मॉडेलची चार वर्षं जुनी गाडी १२ लाखांना मिळाली असं धरा. ४ लाख भरले, ८ लाखांचं कर्ज तेरा टक्क्यांनी चार वर्षं. हप्ता साधारण २१,५००, व्याज २ लाख ३० हजार. दर जास्त आहे, तरी व्याज निम्मं, कारण मुद्दल कमी.

पाच वर्षांनी नवी गाडी ११ लाखांना विकली गेली तर किमतीतले ११ लाख गेले, वर व्याज, एकूण साडेपंधरा लाख. महिन्याला २६ हजार. जुनी साडेसहा लाखांना गेली तर साडेपाच लाख गेले, व्याज २ लाख ३० हजार, आणि दुरुस्तीसाठी मी मुद्दाम २ लाख जास्तीचे धरतो. एकूण ९ लाख ८० हजार, महिन्याला सव्वासोळा हजार. फरक महिन्याला साडेनऊ हजारांच्या वर. पेट्रोल-डिझेल आणि विमा दोन्हीकडे आहेच, तो धरलेला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. गाळा भाड्याचा आहे आणि ही पहिलीच मोठी गाडी आहे, तर तीन-चार वर्षं जुनी घ्या. नवी कोणाला? जो आठ-दहा वर्षं तीच गाडी ठेवणार आहे आणि ज्याचं धंद्याचं कर्ज फिटलेलं आहे, त्याला.

२०२५ नंतर किमतीचं गणित बदललंय

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवर एकूण ४० टक्के जीएसटी आहे. आधी सेस धरून ५० टक्क्यांपर्यंत होता. कराआधीची किंमत तीच धरली तर १५० ची गोष्ट १४० ला, म्हणजे साडेसहा टक्क्यांहून थोडी जास्त स्वस्त. जुनी गाडी विकणारा तुम्हाला २०२३ चं बिल दाखवेल, "बघा, साडेतेवीस लाख दिलेत." त्या बिलाकडे बघायचंच नाही. आज तीच नवी कितीला मिळते, त्यावरून खाली उतरा.

चार मीटरच्या आतल्या आणि दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर, तसंच १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोलवर, फक्त १८ टक्के. बोलेरो आणि बोलेरो निओ यात बसतात, म्हणून "सात सीटर, आणि एवढी स्वस्त!" असं वाटतं. पण त्यांच्या शेवटच्या सीटा आडव्या, एकमेकांसमोरच्या आहेत. ग्लोबल एनकॅपच्या २०२४ च्या चाचणीत बोलेरो निओला एक तारा मिळाला. स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही ७०० आणि २०२३ ची सफारी यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच-पाच तारे आहेत. आडव्या सीटवर नातवंडं बसणार असतील तर वाचलेले पैसे कुठून वाचले ते समजून घ्या.

सगळं कुटुंब घेऊन जा, आणि तिसऱ्या रांगेत स्वतः बसा

स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली तेव्हापासून महाराष्ट्रात मोठी गाडी म्हटलं की उंच बॉनेट डोळ्यांपुढे येतं. पण घरच्या गाडीचा निर्णय मागे होतो. तुम्ही स्वतः तिसऱ्या रांगेत वीस मिनिटं बसा, गाडी चालू ठेवून. गुडघे कुठे येतात, एसीची हवा येते का. मग आईला दुसऱ्या रांगेत चढायला सांगा. पायरी नसेल तर त्यांना हात धरावा लागतो का ते बघा.

सातही सीटा भरल्या की या गाड्यांत डिकी जवळजवळ उरत नाही. सात माणसं आणि कोकणात चार दिवसांचं सामान हे एकत्र होत नाही. टपावर कॅरिअर लागेल. सामान आणि माणसं दोन्ही हवी असतील तर इनोव्हासारखी गाडी एकदा बघून या. एसयूव्ही नाही म्हणून नाक मुरडू नका.

आणि टेप घेऊन जा. स्कॉर्पिओ-एन, सफारी, एक्सयूव्ही ७०० या सगळ्या ४.६५ ते ४.७ मीटरच्या आहेत. सोसायटीचं पार्किंग, वसई गावातल्या वाडीची वाट, गाळ्याच्या कंपाऊंडमध्ये कंटेनर मागे येत असताना उरणारी जागा, हे मोजूनच ठरवा.

डिझेल की पेट्रोल? रोज घर ते गाळा पाच-सात किलोमीटर, तेही गर्दीत, आणि महिन्यातून एकदा लांबचा प्रवास असेल तर पेट्रोल. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर एका वेगाने धावावी लागते. सतत थांबत-थांबत चालवली की दिवा लागतो, मग वर्कशॉप. आठवड्याला वापी, सुरत, नाशिक होत असेल तर डिझेल खुशाल घ्या.

जुनी बघताना: आपल्याकडे आधी पाणी तपासायचं

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कसं पाण्यात बसलं होतं ते आठवा. त्यानंतरही दर पावसाळ्यात सखल भागात गाड्या पाण्यात उभ्या राहतात. अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, खालच्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. सीटच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज बघा. तिसऱ्या रांगेखालची मॅट उचला आणि वास घ्या. परफ्यूमचा दरवळ जरा जास्तच असेल तर अजून खोल बघा. हे आपण करायचं, त्यानंतर स्वतःचा मेकॅनिक न्यायचा. विकणाऱ्याचा नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नोंदी मागवा. किलोमीटर आणि क्लेम दोन्ही तिथे दिसतात. परिवहनच्या साइटवर आरसी, विमा, पीयूसी आणि बाकी ई-चलनं बघा. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी पाटी लागली आहे का तेही पाहा.

दिल्लीकडच्या डिझेल गाड्या इथे स्वस्तात दाखवल्या जातात. तिथल्या दहा वर्षांच्या नियमामुळे त्या बाहेर आल्या. किंमत ऐकून भुलू नका. फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवीन एमएच-४८ नंबर, हे सगळं धरून बेरीज करा.

पैसे देताना क्रम पाळा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर आधी कर्ज फिटल्याची एनओसी आणि फॉर्म ३५. मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. मोठी रक्कम खात्यातूनच द्या, आणि शेवटचा एक भाग आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत हातात ठेवा, तसं कागदावर लिहून घ्या. विमाही चौदा दिवसांत नावावर करून घ्यायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो, म्हणून विम्याचा फरक भरावा लागेल. ती रक्कम सौदा ठरवतानाच विमा कंपनीकडून विचारून घ्या आणि किमतीत धरा.