कथिलाच्या जुन्या खाणींवर काय शोधावे?

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये शिकते. सुट्टीत कॉर्नवॉलला जाणार आहोत. तिथल्या बंद खाणींवर खनिजे गोळा करता येतील का?

उत्तर : येतील, पण आधी जागेच्या मालकाची लेखी परवानगी घ्या. खाणीबाहेरच्या प्रत्येक ढिगाला मालक असतो, आणि काही ढीग संरक्षित आहेत. तिथे खडाही उचलू नये. या खाणप्रदेशाला 2006 पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे.

आपल्याकडे बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट शोधतात. तिथे ग्रॅनाइटमधल्या गारगोटीच्या शिरा पाहा. त्यांत टूर्मलिनच्या काळ्याभोर सुया हमखास दिसतात, आणि मला त्या फार देखण्या वाटतात. कथिलाचे खनिज कॅसिटेराइट तपकिरी-काळे असते. त्याची घनता जवळपास 7, गारगोटीची 2.65, म्हणून लहानसा तुकडाही हाताला जड लागतो.

चांदीसारखा चकाकणारा दगड फोडल्यावर लसणासारखा वास आला, तर तो आर्सेनोपायराइट. त्यात आर्सेनिक, म्हणजे सोमलाचे मूलद्रव्य, असते. हातमोजे घाला, खाण्यापूर्वी हात धुवा. टॉर्बर्नाइटच्या पाचूसारख्या हिरव्या चौकोनी पापुद्र्यांत युरेनियम असते; मोह झाला तरी ते घरी आणू नका. बोगद्यांत आणि उभ्या विहिरींजवळ मुळीच जाऊ नका. सापडलेल्या नमुन्यावर ठिकाण आणि तारीख त्याच दिवशी लिहा.